प्रॉप अन् जमीन, मधे एक वीत

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो होतो की मोटरग्लायडरवाल्याचा खिसा आकाशात नाही, जमिनीवर कापला जातो. उतरताना प्रॉपेलर, म्हणजे इंजिनाचा पंखा, आम्ही त्याला नुसतं प्रॉप म्हणतो, जमिनीला घासला की झालं. त्या एका वाक्यावर एवढे मेल येतील असं वाटलं नव्हतं बाप्पा. नागपुरात बसून हा कॉलम लिहितो तेव्हा मला वाटायचं वाचणारे सगळे विमान बघायला वर्धा रोडला थांबणारे असतील, पण आपली पोरं कुठंकुठं जाऊन काय काय उडवून राहिली हे आता कळलं. म्हणून या वेळी फक्त हाच विषय.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. मोटरग्लायडर म्हणजे लांब पंखांचं ग्लायडर, पण स्वतःचं इंजिन असलेलं, त्याला हडपसरच्या ग्लायडरसारखं विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राच्या दोराने, ओढायला लागत नाही, वर गेलं की इंजिन बंद करायचं अन् घारीसारखं तरंगायचं. आज बोलतोय ते नाकावर प्रॉप असलेल्या टूरिंग प्रकाराबद्दल, म्हणजे शायबे फाल्के, ग्रोब 109, डिमोना अशी. पाठीतून खांबावर इंजिन बाहेर निघतं ती जात वेगळी, तिथे प्रॉप उंचावर असतो, त्यांची दुखणी वेगळी.

प्रश्न: काका, मी प्रतापनगरचा, सध्या नोकरीसाठी जर्मनीत आहे अन् तिथल्या क्लबात फाल्केवर शिकून राहिलो. मागच्या महिन्यात टेकल्यावर विमान उसळलं, मी घाबरून स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, पुढे ढकलली, ते परत आपटलं अन् आणखी जोरात उसळलं, मी परत तेच केलं. तिसऱ्या वेळी इन्स्ट्रक्टरने कंट्रोल हातात घेतला, फुल पॉवर दिली अन् वर नेलं. खाली आल्यावर म्हणाले, आज प्रॉप दोन बोटांनी वाचला. मी नेमकं करायला काय पाहिजे होतं?

उत्तर: अरे भाऊ, आधी हे ऐक की तू जे केलं ते जगात सगळ्यांनी एकदा केलेलं असतं, मी पण केलं. विमान वर गेलं की हात आपोआप म्हणतो खाली ढकल. हा हातच प्रॉप तोडतो, वारा नाही, धावपट्टी नाही.

बघ, होतं काय. टेलव्हीलच्या, म्हणजे शेपटीखाली छोटं चाक असलेल्या, विमानात मेन चाक वजनाच्या मध्याच्या पुढे असतं. शेपटी वर ठेवून तू जरा जोरात टेकवलं की चाक अडतं, पण मागचं वजन खाली जातच राहतं, म्हणजे शेपटी खाली बसते अन् नाक वर होतं. नाक वर झालं की पंखांचा कोन वाढला, कोन वाढला की लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, वाढली, अन् विमान परत हवेत. याला उसळणं म्हणतात खरं, पण चेंडूसारखं रबराने उसळत नाही ते, पंखच त्याला उचलून नेतात. आता तू वर असताना स्टिक पुढे दिली. विमानाला तुझं म्हणणं ऐकायला जरा वेळ लागतो, तोवर ते स्वतःच खाली यायला लागलेलं असतं, म्हणजे तुझं ढकलणं अन् त्याचं पडणं एकाच वेळी. दुसरी आपट पहिलीपेक्षा वाईट, तिसरी दुसरीपेक्षा. तिसऱ्याला नाक एवढं खाली असतं की चाकाआधी प्रॉपच जमिनीला जाऊन भेटतो.

म्हणून उसळी लहान असेल, समजा गुडघ्याएवढी, तर काहीच करायचं नाही. स्टिक आहे तिथेच, एअरब्रेक, म्हणजे पंखावरच्या उघडणाऱ्या फळ्या, आहेत तिथेच, नाक लँडिंगच्या जागी धरून ठेवायचं अन् परत खाली यायला लागलं की हळूच मागे घेत बसवायचं. उसळी मोठी असेल किंवा तुला क्षणभर जरी वाटलं की आता कळत नाहीये, तर एअरब्रेक बंद, फुल थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा पूर्ण जोर, अन् गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. दुसऱ्या आपटेची वाट बघायची नाही. अन् एक प्रॅक्टिकल गोष्ट, बऱ्याच मोटरग्लायडरमध्ये एअरब्रेक अन् थ्रॉटल दोन्ही एकाच हाताला येतात, तर हात एका लिव्हरवरून दुसऱ्यावर कसा जाईल हे जमिनीवर उभ्या विमानात डोळे मिटून वीस वेळा कर. हसतील लोक, हसू दे.

पण मूळ रोग त्याच्या आधी असतो, फायनलवर, म्हणजे पट्टीकडे सरळ उतरत येताना. जास्तीचा वेग. फाल्केचा पंख 15 मीटरच्या वर, ग्रोबचा 17 च्या आसपास, अशी लांब पंखांची विमानं जमिनीजवळ आली की उतरायचं नावच घेत नाहीत, ग्राउंड इफेक्टमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या गादीवर, तरंगतच राहतात. मॅन्युअलमधल्या वेगापेक्षा दहा-पंधरा किलोमीटर जास्त घेऊन आलास की अर्धी पट्टी निघून जाते अन् तरी चाक टेकत नाही, मग माणूस वैतागून विमान जमिनीवर दाबतो. दाबलं की उसळलं, अन् पुढचं तू लिहिलंच आहेस. ते उडायला तयार आहे तोवर उडू दे. स्टिक हळूहळू मागे, आणखी मागे, अन् शेवटी मेन चाक अन् टेलव्हील एकदमच बसलं पाहिजे. बसल्यावरही स्टिक पोटाशीच, विमान पूर्ण थांबेपर्यंत. माझे सर म्हणायचे टेकलास म्हणून लँडिंग संपली असं समजू नको, हँगरमध्ये चाकाला चॉक, म्हणजे अडसर, लागल्यावर संपते.

आता माझी गोष्ट. खूप वर्षं झाली, गाव अन् क्लब राहू दे. सकाळची ओली गवताची पट्टी, मी जरा लांब टेकलो, पुढे कुंपण दिसायला लागलं, म्हणून एअरब्रेकची लिव्हर पूर्ण मागे ओढली. विसरलो काय, तर त्या विमानात लिव्हरच्या शेवटच्या इंचात चाकाचा ब्रेक जोडलेला होता. बऱ्याच ग्लायडर-मोटरग्लायडरमध्ये तसा असतो. ब्रेक लागला, चाक वजनाच्या पुढे, शेपटी उचलली गेली अन् नाक असं वाकलं जसं बैल हौदात तोंड घालतो. धडाम वगैरे काही झालं नाही, नुसतं टर्रर्र झालं, कागद फाडल्यासारखं. उतरून मागे चालत गेलो तर गवतात काळ्या चिरा, एकामागे एक, वीत लावून पाहिली तर एकमेकींपासून जेमतेम दोन वितींवर. ते अंतर पण खोटं बोलत नाही. प्रॉप आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी जोराला, मिनिटाला 900 फेरे, पाती दोन, म्हणजे सेकंदाला 30 घाव. विमान ताशी 45 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. भाग दे, 42 सेंटीमीटर येतात. पहिल्या दोन चिरा खोल होत्या, पुढच्या उथळ, कारण तोवर लाकडी पात्यांची टोकंच राहिली नव्हती, त्यांच्या ढलप्या गवतात पसरल्या होत्या. त्या ढलप्या मीच वेचल्या, पिशवीत भरून क्लबच्या इंजिनिअरपुढे ठेवल्या, ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा टेकताना एअरब्रेक पूर्ण उघडा नको, अर्धा पुरे, अन् फ्लेअरच्या, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायच्या, वेळी लिव्हर हलवायची नाही. उघडली की विमान खाली पडतं, मिटली की वर जातं. ब्रेक नंतर, शेपटी खाली पक्की बसल्यावर, अन् तोही पिळत पिळत.

प्रश्न: माझे वडील आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, होते. 1949 पासून रात्रीच्या टपालाची विमानं आपल्या सोनेगाव विमानतळावर यायची, दिल्ली-मुंबई-कलकत्ता-मद्रास चारी दिशांची, मध्यरात्री इथे पिशव्या बदलायच्या अन् परत जायची. वडील सांगत की डाकोटा पुढच्या दोन चाकांवर टेकायचं अन् शेपटी किती वेळ हवेतच असायची. तुम्ही तर सांगता शेपटी सोबतच टेकवा. मग ते पायलट चुकीचं करत होते का? (एक ज्येष्ठ वाचक, खामला)

उत्तर: नाही हो आजोबा, एकदम बरोबर करत होते, अन् वडिलांची नजर पण पक्की होती. याला व्हील लँडिंग म्हणतात, डाकोटा तसंच उतरवायची पद्धत आहे. पण डाकोटाची इंजिनं पंखांवर उंच, पाय लांब अन् विमान जड, शेपटी वर असली तरी प्रॉपच्या खाली भरपूर जागा उरते. मोटरग्लायडर बुटकं. वजन अन् हवेचा अडथळा वाचवायला पाय आखूड ठेवलेले, त्यात कमी वेगाला चांगला जोर मिळावा म्हणून प्रॉप मोठा.

जागा किती असते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. छोट्या विमानांच्या अमेरिकन नियमात टेलव्हीलच्या विमानाला प्रॉप अन् जमिनीत निदान 9 इंच अंतर मागितलेलं असायचं, नाकाला चाक असेल तर 7 इंच. मोटरग्लायडरचं नियमांचं पुस्तक वेगळं आहे, पण डोळ्यासमोर आणायला 9 इंच धरा, म्हणजे आपली बरोबर एक वीत. आता प्रॉप चाकाच्या 1.2 मीटर पुढे आहे असं समजा. विमान सपाट असताना नाक 11 अंश खाली गेलं की ती वीत संपली. 11 अंश म्हणजे खुर्चीत बसून जरा पुढे झुकून चहाचा कप उचलला एवढंच. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याहून कमी. शेपटी खाली असेल तर तेच नाक आधीच वर असतं, म्हणजे खर्चायला जास्त अंश हातात राहतात. म्हणून डाकोटाची नक्कल फाल्केवर करायची नाही.

प्रश्न: दोन पात्यांचा प्रॉप बरा की तीन? (धरमपेठ)

उत्तर: उडायला कुठला बरा ते विमानावर आहे. पण इंजिन बंद करून उतरत असाल तर दोन पाती बरी, कारण ती आडवी थांबवता येतात अन् जमिनीकडे काहीच लोंबत नाही. तीन पात्यांत जास्तीत जास्त एक पातं सरळ वर थांबवा, मग बाकी दोघांची टोकं मध्यापासून प्रॉपच्या अर्ध्या त्रिज्येएवढी खाली राहतातच. स्टार्टरला टिचकी मारून पातं आडवं करायचं काम उंचीवरच उरकायचं, सर्किटमध्ये, म्हणजे पट्टीभोवतीच्या उतरायच्या फेरीत, शिरण्याआधी. नाही जमलं तर सोडून द्या. फायनलवर पात्याकडे बघत बसलेला माणूस धावपट्टीकडे बघत नसतो.

प्रश्न: नमस्कार दादा. माझ्या मुलाचा परदेशात चार मित्रांसोबत मिळून एका मोटरग्लायडरमध्ये वाटा आहे. उतरताना पंख्याचं टोक नुसतं घासलं, तो म्हणतो इंजिन तर चालूच होतं, बंद पण पडलं नाही. तरी तिथल्या वर्कशॉपवाल्यांनी पूर्ण इंजिन खोलायला लावलं. बिलाचा आकडा त्याने सांगितला तर माझे डोळेच पांढरे झाले. पंखा बदलला की झालं ना? हे लोक लुबाडत तर नाहीत? (मानेवाडा)

उत्तर: काकू, बिल मी पाहिलेलं नाही, तेव्हा आकड्याबद्दल बोलत नाही. पण इंजिन खोलायला सांगितलं यात लुबाडणं नाही, न खोलता दिलं असतं तर मी म्हटलं असतं पोराला त्या वर्कशॉपमध्ये परत पाठवू नका.

आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं घुरघुरत असताना सुद्धा, 1.6 मीटरच्या प्रॉपचं टोक ताशी 270 किलोमीटरने फिरत असतं. ते मातीत अडलं की झटका पात्यात थांबत नाही, हबमधून सरळ क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यात, जातो. तुमच्या मिक्सरमध्ये चालताना चमचा पडला तर भांड्याचं पातं वाकलेलं दिसतं, पण खालचं कपलिंग गेलेलं असतं ते दिसत नाही, आठ दिवसांनी कळतं. इथे आठ दिवसांनी कळेल तेव्हा तो हवेत असेल. क्रँकशाफ्टमध्ये केसाएवढी चीर पडते, बाहेरून काहीच दिसत नाही, इंजिन गोड आवाजात चालत राहतं. म्हणून "बंद पडलं नाही" या बोलण्याला काही अर्थ नाही.

लायकमिंग या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं तर स्पष्ट सांगणं आहे की इंजिन चालू असो की बंद, प्रॉपला किरकोळ घासकामापेक्षा जास्त दुरुस्ती लागली तर तो प्रॉप स्ट्राइकच धरा अन् इंजिन तपासा. अमेरिकेच्या एफएए या विमान खात्याने 2004 मध्ये लायकमिंगच्या इंजिनांसाठी क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरची तपासणी सक्तीचीच केली, कारण त्या गिअरचा बोल्ट अन् पिन अशा झटक्यात कमजोर होतात. मुलाच्या विमानात रोटॅक्स 912 असेल तर त्यात प्रॉपच्या आधी गिअरबॉक्स असतो अन् बऱ्याच मॉडेलांत जास्तीचा झटका खाणारा क्लच असतो, त्याने क्रँकशाफ्टला बराच आधार मिळतो, पण मग गिअरबॉक्स उघडून बघावाच लागतो. लिम्बाखसारखी फोक्सवॅगनच्या कुळातली इंजिनं असतील तर मधे काहीच नाही, प्रॉप थेट क्रँकशाफ्टवर. लाकडी प्रॉप असेल तर एक बरं, तो स्वतः फुटून बराच झटका खातो, धातूचा प्रॉप तसा खात नाही. तरी तपासणी चुकत नाही.

मुलाला एवढं विचारा की घासल्यावर त्याने विमान स्वतः टॅक्सी करत हँगरला नेलं की जागीच बंद केलं. जागीच बंद केलं असेल, फ्युएल बंद, ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद, अन् हाताने प्रॉप फिरवून पाहिला नसेल, तर पोरगं शहाणं आहे, बिलासाठी जास्त बोलू नका.

प्रश्न: सर मी एनसीसी एअर विंगची कॅडेट आहे. आमच्याकडे व्हायरस मायक्रोलाइट असतं, ते मोटरग्लायडर नाही ना? मग हे सगळं आम्हाला लागू होतं का?

उत्तर: नात्यातलंच आहे. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं सायनस म्हणून 15 मीटर पंखांचं मोटरग्लायडर, त्याचेच पंख आखूड करत करत व्हायरस झालं, अन् त्याहून आखूड पंखांचं व्हायरस एसडब्ल्यू. भारताने 2015 मध्ये हवाई दल, नौदल अन् एनसीसी मिळून 194 मागवली ती हीच. याला नाकाखाली चाक असतं, त्यामुळे माझ्यासारखं ब्रेक मारून नाक टेकवणं सोपं नाही. पण इथे दुसरा धोका. वेगात दाबून उतरवलं तर नाकाचं चाक आधी आपटतं, नाक वर फेकलं जातं, पायलट परत ढकलतो, अन् दोन-तीन आपटीत नाकाच्या चाकाचा पाय मोडला की प्रॉप जमिनीवर. नाकाचं चाक टॅक्सी करायला दिलंय, उतरायला नाही. मागच्या दोन चाकांवर टेकायचं अन् नाक जेवढा वेळ वर राहील तेवढा वेळ राहू द्यायचं. बाकी तुझे इन्स्ट्रक्टर सांगतील तेच खरं, माझ्या कॉलमचं नाव सांगून त्यांच्याशी वाद घालू नको.

प्रश्न: भाऊ, काटोल रोडला आमचं शेत आहे, पुतण्या बाहेर विमान शिकून आला अन् म्हणून राहिला की काका 500 मीटरची पट्टी काढून द्या, मोटरग्लायडर आणतो, मे महिन्यात शेत रिकामंच असते. काळी जमीन आहे, कपाशी असते. उतरते का तिथे?

उत्तर: परवानग्यांचं आधी. डीजीसीए, म्हणजे देशाचं विमान खातं, कलेक्टर ऑफिस, शिवाय नागपूरचं एअरपोर्ट जवळ आहे म्हणून एटीसी, म्हणजे तिथला हवाई नियंत्रण कक्ष. ते कागद हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर लावू नका. पुढचं मी फक्त प्रॉपपुरतं सांगतो.

काळ्या मातीचा अन् प्रॉपचा छत्तीसचा आकडा आहे. पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते की चाक फिरायचंच बंद होतं, म्हणजे न लावता ब्रेक. उन्हाळ्यात कडक होते पण भेगा पडतात, त्यात आखा हात जातो हे तुम्हाला मी काय सांगू. वर सांगितलेला हिशोब घ्या, चाक भेगेत नुसतं 8 सेंटीमीटर बसलं तर ती एक वीत 15 सेंटीमीटरवर येते अन् 11 अंशांचे 7 होतात. त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटली तरी खुंटं राहतात, तुमच्या पायाला ती टोचतात, प्रॉपच्या पात्याला ती हातोडीसारखी लागतात. अन् धुरा, म्हणजे शेताचा बांध. एक फुटाचा धुरा बैलगाडीला काही नाही, या विमानाला तो भिंत आहे.

मे महिन्याचं दुसरं. नागपूर समुद्रसपाटीपासून हजारएक फुटांवर, पण 44 डिग्रीत हवा एवढी पातळ होते की विमानाला ते 5000 फुटांसारखं वाटतं. मीटरवर वेग नेहमीचाच दिसतो पण जमिनीवरून जाताना खरा वेग सातेक टक्क्यांनी जास्त असतो. पायलटला वाटतं आपण लै जोरात चाललो, मग तो एक तर वेळेआधी नाक उचलतो नाही तर टेकल्याबरोबर ब्रेक दाबतो. मीटरवरचाच वेग धरायचा, डोळ्यांचं ऐकायचं नाही. पट्टी जास्त लागेल ते वेगळं, 500 मीटर मला तरी कमी वाटते, त्याच्या विमानाच्या मॅन्युअलमधला आकडा या तापमानाला काढून बघायला सांगा. अन् दुपारी तुमच्या शेतात ज्या वावटळी उठतात, कचरा अन् पॉलिथिन गोल गोल वर नेतात, त्यात लांब पंखांचं विमान टेकवणं म्हणजे छत्री उघडून गच्चीवर उभं राहणं. सकाळी ऊन चढायच्या आत उतरलं पाहिजे.

पट्टी करायचीच असेल तर भेगा भरून वरून मुरूम टाका, पाणी मारून रोलर फिरवा, दोन्ही टोकांचे धुरे काढा अन् बाजूला बरीच जागा मोकळी सोडा, पंखच 15-17 मीटरचा असतो. मग पुतण्याला सांगा ती पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी चालून ये. जिथे त्याला पाय उचलून टाकावा लागेल तिथे खूण करा अन् परत रोलर न्या.